करडीचं तेल प्यालेली मोटरसायकल

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. 'जुनी' म्हणताना माझ्या जिवावर येतं, हे आधीच सांगून टाकते. चारठाण्यात एका गोठ्याच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाला माझी जागा आहे. सीटमधला स्पंज उंदरांनी नेला, हेडलाइटच्या काचेमागं कोळ्यानं संसार थाटला, आणि माझ्याकडं बघून लोक म्हणतात, "भंगारवाला आला की काढून टाका." म्हणोत बापडे. पण एका जागी उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही. अजूनही रस्त्यानं कुणी किक मारली की मी निघायच्या तयारीत असते.

उभं राहण्याचं दुःख मला आजचं नाही. मी अगदी नवी कोरी होते, नंबरप्लेटचा रंग धड वाळला नव्हता, तेव्हा सलग दोन महिने अशीच उभी राहिले होते. आणि माझ्या पायी एक पोरगी तिच्या बापाच्या ओसरीवर दोन महिने बसून राहिली होती. तीच गोष्ट सांगते. मध्येच उठून जाऊ नका, मला राग लवकर येतो.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून पुढं सरकायचं, कुणी नट आवळणार, कुणी रंग मारणार, आणि सगळे ढुंकूनही न बघता पुढं ढकलणार. पुढं ट्रकमध्ये घातलं आणि परभणीच्या स्टेशन रोडवर बन्सीधर शेठच्या शोरूममध्ये आणून उतरवलं. ते साल अठ्ठ्याऐंशी. माझा रंग लालभडक होता, आणि माझ्या इंजनाची तऱ्हाही नवी होती. आधीच्या फटफट्यांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजावं लागे. माझं तसं नव्हतं. माझ्या पोटात ऑइलची वेगळी जागा होती. तिला बाजूनं एक झाकण, आणि झाकणाला आत एक पट्टी. पट्टी खुणेपर्यंत ओली निघाली की समजावं, पोट भरलेलं आहे. हे झाकण नीट ध्यानात ठेवा. सगळं रामायण त्याच झाकणातून आत गेलं.

मला विकत घेतलं ते गंगाखेडच्या दिनकररावांनी. तहसील कचेरीत कारकून, स्वतः सगळा जन्म सायकलवर काढलेला माणूस. माझ्यावर बसायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या लेकीचं, हेमाचं लग्न चारठाण्याच्या चंद्रभानशी ठरलं, आणि बैठकीत मुलाकडच्यांनी मोटरसायकल मागितली. दिनकररावांनी मान हलवली. मी मांडवाच्या तोंडाशी गळ्यात हार घालून उभी होते, आणि आलेली माणसं नवरीपेक्षा माझ्याकडंच जास्त बघत होती. त्या दिवशी मला केवढा तोरा चढला होता. आता आठवलं की लाज वाटते.

चंद्रभानच्या घरी वीसेक एकर रान, मण्या आणि हिऱ्या नावाचे दोन बैल, आणि घरावर राज्य त्याच्या आईचं. धुरपताबाई तिचं नाव. नवरा गेल्यावर तिनंच शेती राखली, पोराला वाढवलं. बैलाच्या कानाला नुसता हात लावून ताप आलाय का नाही ते सांगायची, आणि तिचं सांगणं खोटं निघालं, असं त्या गावात कुणाला आठवत नव्हतं. मी दारात आले तेव्हा तिनं मला हळदकुंकू लावलं, हँडलला बिब्बा बांधला आणि म्हणाली, "नवं जनावर आलं गोठ्यात. नजर नगं लागायला."

जनावर म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही. त्या घरात जनावरांना माणसांपेक्षा जास्त मान होता.

आता चंद्रभानचं ऐका. शोरूममध्ये बजावून सांगितलं होतं, पहिले हजार किलोमीटर चाळिसाच्या वर पळवू नका, इंजन बसायला वेळ लागतो. पण नव्या नवरदेवाला आणि नव्या गाडीवाल्याला कुणी आवरावं? जिंतूरच्या रस्त्यावर तो मला साठनं हाणायचा. संध्याकाळी घरी आले की माझं इंजन चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं असायचं. एकदा त्यानं ते झाकण उघडून पट्टी पाहिली आणि स्वतःशीच बोलला, "तेल जरा कमी झालंय. परभणीला गेल्यावर टाकून घेऊ." धुरपताबाई जवळच वैरण टाकत होती. तिनं ऐकलं. माझ्या इंजनाला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"अगं माय, लेकरू फणफणलंय की," ती म्हणाली.

दोन दिवसांनी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून दमलेल्या बैलांचे खांदे हळद-लोणी लावून मळायचे, आणि त्यांना म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." धुरपताबाई तर एवढ्यावर थांबणारी नव्हती. कामाच्या दिवसांत ती बैलांना करडीचं तेल पाजायची. बांबूची एक पोकळ नळी होती. ती तेलानं भरायची, बैलाचं तोंड वर करायचं आणि घशात ओतायचं. तिच्या मते त्यानं हाडं धरतात आणि उष्णता उतरते.

त्या संध्याकाळी चंद्रभान बैल धुवायला नदीवर गेला होता. बैल येईपर्यंत बाईला धीर निघेना. वाटीतली हळद-लोणी घेऊन ती माझ्याकडं आली, माझ्या हँडलला लावली, टाकीला लावली. मला आवतनही दिलं. मला तर गुदगुल्याच झाल्या. मग ती बांबूची नळी घेऊन आली.

"तू बी माझ्या लेकराला पाठीवर घेऊन हिंडतीस," असं म्हणून तिनं झाकण फिरवलं आणि घाण्यावरून आणलेलं पिवळंधमक करडीचं तेल माझ्या पोटात ओतलं.

मी ओरडणार कशी? माझा आवाज किक मारल्याशिवाय फुटत नाही, आणि फुटला तरी त्यात शब्द नसतात. एवढ्या मायेनं कुणी मला काही दिलं नव्हतं, आणि तेच माझं विष होतं. स्वैपाकघराच्या दारात हेमा उभी होती. हातात पीठ, डोळे मोठे झालेले. तिनं सगळं पाहिलं. पण तिला त्या घरात येऊन चार महिने झाले होते, आणि सासूला शेताबांधातलं सगळं कळतं, हे तिनं आल्या दिवसापासून ऐकलं होतं. ती आत गेली.

तिथून पुढं दर शनिवारी हा नेमच झाला. धुरपताबाई सकाळी मारुतीला तेल घालून यायची, आणि वाटीत उरलेलं तेल मला पाजायची. मारुतीला घालून उरलेलं, म्हणजे प्रसाद. प्रसादाला नाही म्हणायची कुणाची छाती? चंद्रभान त्या वेळी रानात असायचा, आणि बाई बैलांना काय पाजते हे जसं कुणाला सांगत नव्हती, तसं हेही सांगत नव्हती. त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या कढईचा काठ नखानं खरवडून बघा. तेल पुन्हापुन्हा तापून तिथं तांबूस, चिकट थर बसलेला दिसेल. अगदी तसाच थर माझ्या पोटात बसायला लागला. आतल्या झडपा हलेनात. पिस्टनच्या कड्या अडकल्या. दम लागल्यासारखं व्हायचं, आणि तापले की मी मटकन बंद पडायची.

पहिल्यांदा बंद पडले ती देवगाव फाट्यावर, सेलूच्या बाजाराच्या दिवशी, चार गावची माणसं चहा पीत बसली होती त्यांच्या पुढ्यात. चंद्रभाननं पन्नास किका मारल्या. शर्ट घामानं भिजला. मी एकदा खोकले, निळा धूर सोडला आणि गप्प झाले. चहावाला नाक वर करून म्हणाला, "चंद्रभानराव, गाडीत भजी तळायलाव का काय?" सगळे खदाखदा हसले. चंद्रभानला ते हसू फार लागलं. आणि त्यात कुणीतरी भर घातली, "सासऱ्यानं दिलेली हाय न्हवं? फुकटाच्या गाईचे दात मोजू नयेत."

झालं. त्या दिवसापासून माझा दोष दिनकररावांचा झाला, आणि दिनकरराव लांब गंगाखेडला, म्हणून हेमाचा झाला. मी बंद पडले की घरात भांडी आदळायची. धुरपताबाई चुलीपाशी बसून म्हणायची, "बाप कारकून माणूस. कागद बघून घेतली असंल, इंजन कुठं बघितलं असंल?" आणि दुसऱ्या दिवशी शनिवार असला की मला आजारी समजून वाटीभर जास्तच पाजायची. मला तिचा राग यायचा, आणि ती पुसून-पुसून माझी टाकी लखलखीत करायची तेव्हा राग टिकायचाही नाही. कसलं हे जगणं, तुम्हीच सांगा.

चंद्रभाननं मला दोनदा परभणीला नेलं. बन्सीधर शेठ मोठा गोड माणूस. चहा मागवायचा, कान माझ्या इंजनाला लावायचा, डोळे मिटायचा आणि निदान सांगायचा. पहिल्यांदा म्हणाला, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, प्लग खराब आहे, आणि नवी गाडी आहे, बसेल हळूहळू. त्याचं निदान चिठ्ठीवर लिहिलं जायचं आणि चिठ्ठी माझ्या हँडलला अडकवली जायची. त्या वर्कशॉपची रीतच तशी होती. चिठ्ठीवर जेवढं काम लिहिलंय, तेवढंच मिस्त्रीनं करायचं.

मिस्त्री होते खाजामियाँ. दाढी पांढरी, बोटं काळी, आणि अर्ध्या परभणीच्या गाड्या त्या बोटांनी चालू ठेवलेल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझं जुनं ऑइल काढून नवं भरलं, तेव्हा बोट बुडवून वास घेतला आणि शेठला म्हणाले, "शेठ, ह्याचा वास बराबर न्हाई. इंजन खोलू द्या मला."

"वॉरंटीतलं इंजन खोललं की कंपनी मला जाब विचारते," शेठ म्हणाला. "चिठ्ठीत लिहिलंय तेवढं करा."

खाजामियाँनी तेवढं केलं. नव्या ऑइलवर मी आठ दिवस बरी पळाले. मग पुन्हा शनिवार आला.

दिवाळीत चंद्रभान आणि हेमा माझ्यावर बसून गंगाखेडला निघाले. पहिला दिवाळसण, जावयाचा मान. हेमानं नवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर करंज्यांचा डबा होता. जिंतूर सुटलं, बोरी गेली, आणि झरीच्या अलीकडं माझ्या पोटात काहीतरी आवळलं. मागचं चाक खर्रकन घासलं आणि मी जागेवर थिजले. किक खालीच जाईना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मला परभणीला आणलं. चंद्रभान हेमाला घेऊन एस.टी.नं पुढं गेला.

गंगाखेडला काय झालं, ते मला नंतर दिनकररावांच्या तोंडून कळलं. जावई जेवायच्या पाटावर बसलाच नाही. दारातूनच म्हणाला, "मामा, गाडी बदलून मिळाली की कळवा. मग येतो हिला न्यायला." आणि परत फिरला.

अशी मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी राहिले. शोरूम म्हणजे माझं माहेरच की. पण माहेरी असं कुणी राहू नये. समोरून गाड्या यायच्या, दुरुस्त व्हायच्या, भुर्रकन जायच्या. स्टेशनातल्या रेल्वेचा आवाज यायचा. सगळं जग कुठंतरी निघालेलं, आणि मी स्टँडवर. मला ठाऊक होतं माझ्या पोटात काय आहे. कुणी ते झाकण उघडून नुसतं खोल बघितलं असतं तरी पुरे होतं. मी टाकीतल्या टाकीत तडफडत होते.

दर रविवारी दिनकरराव गंगाखेडहून येत. बिल त्यांच्या नावावर, म्हणून तक्रारही त्यांनीच करायची, असं शेठनं सांगितलं होतं. एका रविवारी ते आलेच नाहीत. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवसांत बंद व्हायचे, तसा त्या दिवशी होता आणि एस.टी. सुटल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी मात्र पहिल्या गाडीनं हजर. बाकावर बसायचे, पिशवी मांडीवर घेऊन. शेठ म्हणायचा, कंपनीला पत्र टाकलंय, उत्तर येऊ द्या.

"शेठ, संक्रांत जवळ आली," एकदा ते म्हणाले. "लेकीची पहिली संक्रांत. ती सासरी व्हायला पाहिजे. गल्लीतल्या बाया रोज ईचारायल्यात, हेमा अजून हितंच कशी. पोरगी पाण्याला जायची बंद झाली."

शेठनं चहा मागवला. दिनकररावांनी तो घेतला नाही. नंतर ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले, माझ्या सीटवरची धूळ रुमालानं पुसली आणि हळूच म्हणाले, "काय झालंय गं बाई तुला?" मित्रांनो, लोखंडाला रडू येत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय जातं.

शेवटी एकदाचं कंपनीचं पत्र आलं. घेणारा आणि चालवणारा, दोघांच्या समक्ष इंजन उघडावं, कंपनीचा दोष निघाल्यास गाडी बदलून द्यावी. संक्रांतीला बारा दिवस होते. दिनकररावांनी चंद्रभानला कार्ड टाकलं. ठरल्या दिवशी दिनकरराव आले, आणि त्यांच्याबरोबर हेमा आली. केवढी वाळली होती पोर. जिंतूरच्या एस.टी.तून चंद्रभान उतरला आणि त्याच्यामागं पदर सावरत धुरपताबाई. "माझ्या घरचं जनावर कापायलेत, मी समोर पाहिजे," असं म्हणून ती आली होती. ती सरळ माझ्याकडं आली, टाकीवरून हात फिरवला, आणि तिचे डोळे भरले. हेमाकडं तिनं पाहिलंही नाही.

खाजामियाँनी जमिनीवर पोतं अंथरलं. एकेक नट सुटायला लागला. सगळे कोंडाळं करून उभे. चंद्रभान हाताची घडी घालून, मान ताठ. शेठ कपाळाचा घाम पुसत, कारण दोष कंपनीचा निघाला तर एवढे दिवस गाडी का खोलली नाही, हे त्यालाच विचारणार. खाजामियाँनी वरचं झाकण उचललं, आतला भाग उजेडात धरला आणि थांबले. झडपांवर तांबूस, चिकट थर चढला होता. त्यांनी नखानं थोडा खरवडला, वास घेतला, आणि सगळ्यांच्या देखत जिभेला लावला.

"हे मोबिल न्हाई," ते म्हणाले. "खायचं तेल हाय. करडीचं."

शेठच्या चेहऱ्यावर एकदम टवटवी आली. "बघा," तो म्हणाला. "इंजनात गोडं तेल. कंपनीचा दोष नाही, आमचा तर नाहीच. कुणी टाकलं ते तुमचं तुम्ही बघा."

चंद्रभाननं हळूच मान वळवली आणि हेमाकडं पाहिलं. "घरात तेलाच्या भांड्यापाशी कोण असतं?" तो म्हणाला. "तू टाकलंस?"

दिनकररावांनीही लेकीकडं पाहिलं. "हेमा?" एवढंच ते म्हणाले.

हेमानं मान खाली घातली. मी सुटी-सुटी होऊन पोत्यावर पडले होते, माझं अर्धं पोट खाजामियाँच्या हातात होतं, आणि मला वाटत होतं, आता तरी कुणीतरी बोला रे. त्या कोंडाळ्यात दोघींनाच खरं माहीत होतं. एक बोलणार नव्हती, हे मला कळून चुकलं होतं. दुसरीनं नुसतं गप्प राहायचं, की तिची इज्जत झाकली जाणार होती. व्याही समोर, परका शेठ समोर, आणि जिचा शब्द गावात कधी खोटा पडला नाही अशी ती बाई.

धुरपताबाईनं हात पुढं केला. खाजामियाँच्या नखावरचा तो चिकट गोळा घेतला, नाकाशी नेला.

"तिच्याकडं काय बघतूस?" ती पोराला म्हणाली. "मी पाजलं."

"आई?"

"खांदमळणीला पाजलं. मग दर शनवारी. मण्या-हिऱ्याला पाजते तसं. मला वाटलं, अंगाला लागंल." मग ती खाजामियाँकडं वळली. "मिस्त्री, मरंल का वो ही?"

"न्हाई अम्मा," खाजामियाँ म्हणाले. "पिस्टनच्या कड्या नव्या टाकतो, धुऊन काढतो. चार दिवस द्या."

धुरपताबाई मग हेमापुढं जाऊन उभी राहिली. "तू दारात व्हतीस त्या दिशी. बघितलंस ना? कामून बोलली न्हाईस?"

हेमानं पहिल्यांदा मान वर केली. "बोलले असते तर तुमी ऐकलं असतं का, आत्याबाई?"

म्हातारीनं मान हलवली. मग म्हणाली, "न्हाई. न्हाई ऐकलं." आणि पदर तोंडाला लावून तिथंच पायरीवर बसली. पुढं व्याह्यांकडं न बघताच म्हणाली, "इवाई, माझ्या तोंडून तुमाला लय बोल लागला. चुकले मी."

चार दिवसांनी खाजामियाँनी मला किक मारली आणि मी एका किकेत बोलले. काय सांगू, असा आवाज मी नवी असतानाही काढला नव्हता. संक्रांतीला दोन दिवस होते. चंद्रभान मला घेऊन गंगाखेडला गेला. या वेळी तो पाटावर बसला, जेवला, हसला. निघताना ओसरीपुढं मला चालू करून म्हणाला, "चला, झालं गेलं गंगेला मिळालं. गाडी चांगलीच व्हती बगा मामा. बस गं हेमा."

हेमा पिशवी घेऊन माझ्यामागं उभी होती. बसली नाही.

"आणि गाडी खरंच खोटी निघाली असती तर?" तिनं विचारलं.

चंद्रभाननं ऐकू न आल्यासारखं केलं आणि मला जरा रेस दिली. हेमा तशीच उभी. शेजारच्या दारातल्या बाया बघत होत्या, दिनकरराव उंबऱ्यात थांबले होते. मी धडधडत होते, रस्ता समोर मोकळा होता, दोन महिन्यांनंतर कुठं पळायला मिळत होतं, आणि तरी मला वाटलं, नको, आत्ता नको, आधी ह्याला उत्तर देऊ दे. त्यानं किल्ली फिरवून मला बंद केलं. खाली उतरला. हँडलच्या बिब्ब्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला.

"चुकलं माझं," शेवटी तो म्हणाला, तिच्याकडं बघून, सासऱ्याच्या आणि सगळ्या गल्लीच्या देखत.

मग हेमा बसली.

पुढं मी सतरा वर्षं पळाले. धुरपताबाईला डोळ्यांच्या ऑपरेशनला सेलूला नेलं ते मीच. हँडलला खताची पोती, टाकीवर लेकरं, मागं हेमा, अशी सगळी जत्रा मी ओढली. त्या झाकणाची पट्टी दर महिन्याला हेमाच काढून बघायची, आणि धुरपताबाई शेजारी उभी राहून विचारायची, "बरं हाय का गं?" हेमा जे सांगेल ते ती ऐकायची. मग पोरं मोठी झाली, घरात दुसरी गाडी आली, आणि मी या आडोशाला आले. त्याची तक्रार नाही. पळणाऱ्याला एक दिवस थांबावंच लागतं.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, गाडी असेल, पाण्याची मोटर असेल. तिला जीव लावा, पण तिला काय लागतं ते जाणत्याला विचारून मगच द्या. आणि एवढं झाल्यावर घरातल्या माणसांकडंही बघा. एखादं नवीन आलेलं माणूस दारात गप्प उभं दिसलं, तर त्याला जवळ बसवून विचारा. मी यंत्र आहे. खाजामियाँनी माझ्या पोटातलं सगळं चार दिवसांत धुऊन काढलं, आणि त्या तेलाचा मला मागमूसही उरला नाही. पण ओसरीवरचे ते दोन महिने हेमाच्या मनातून कुणाला धुता आले नाहीत. इतकी वर्षं माझ्या मागच्या सीटवर बसलेल्या तिला गंगाखेडची वेस दिसली की ती बोलता बोलता थांबायची, आणि तिच्या बापाचं घर मागं पडेपर्यंत पुन्हा बोलायची नाही.